एकाहत्तर टक्के गुण असलेल्या मुलीस समुपदेशन मिळणेबाबत

प्रति,
मा. कुलसचिव साहेब,
गोदातट अभिमत विद्यापीठ,
नांदेड.
(आज दुसरा शनिवार, कार्यालय बंद. म्हणून आपल्या निवासस्थानी समक्ष आणून देत आहे.)

अर्जदार: शिवकांता मलप्पा कोरे, वय ४७, मदतनीस (रोजंदारी), विदेशी विद्यार्थिनी वसतिगृह.

विषय: बी. फार्म. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी कु. हनादी उस्मान (देश सुदान) हिला समुपदेशन मिळणेबाबत, व तिला आजच्या आज दवाखान्यात नेण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: १) माझा अर्ज, दि. १० डिसेंबर २००७.
२) माझे स्मरणपत्र, दि. २४ डिसेंबर २००७.
३) आपल्या कार्यालयाचे त्रुटीपत्र, दि. ४ जानेवारी २००८.
४) विदेशी विद्यार्थी कक्षाचा तोंडी आदेश, दि. १२ नोव्हेंबर २००७. यास जावक क्रमांक नाही.

महोदय,

१) आज सकाळी मी मेसमध्ये चहाचे पातेले विसळत असताना स्वयंपाकी किशनराव माझ्याकडे पाठ करून डाळीच्या भांड्यात तोंड घालून बोलत होते. "अकरा पेले कमी हायेत. डाळ कमी पडली की किशनरावच्या नावानं बोंब. पेले कमी पडले तर कोणाच्या नावानं? ह्या भायेरदेशच्या पोरी पेले खायल्यात का काय?" ही तक्रार त्यांनी डाळीकडे केली, माझ्याकडे नाही. तरी ती माझ्याच हातभर अंतरावर झाल्याने मी ती ऐकली असे समजून खुलासा करते. सदर अकरा पेले कु. हनादीच्या खोलीत आहेत. त्याआधीचे तीन मीच दिले होते. एकूण चौदा. चोरी झालेली नाही. जे झाले आहे ते पुढे लिहिते.

२) मी चौथीपर्यंत शिकले. पुढचे शिक्षण अर्जांवर झाले. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर औसा तालुक्यातल्या आमच्या गावाला पत्र्याच्या शेडमध्ये ठेवले, तेव्हा आमच्या ओळीतल्या सदतीस घरांचे अर्ज मी लिहीत होते. ताडपत्री मिळणेबाबत. यादीत नाव येणेबाबत. मयतांच्या यादीतून नाव कमी करणेबाबत, हा अर्ज ग्यानोबा नावाच्या गृहस्थांचा, आणि तो द्यायला ते स्वतःच्या पायांनी तहसीलला गेले होते. तिथे त्यांना जिवंत असल्याचा दाखला आणा म्हणून परत पाठवले. त्यामुळे अर्ज परत येणे म्हणजे काय हे मला नवीन नाही. एरवी मी राग धरत नाही. या वेळी मला भीती वाटते आहे, म्हणून हा अर्ज जरा लांबेल. मधून मधून बोलीही घुसेल. दोन्हीबद्दल आधीच माफी असावी.

३) पेल्यांचे असे की, गेल्या वर्षापासून शहरात जमिनीखालून आवाज येतात हे आपणास ठाऊक आहेच. ट्रकमधून एकदम खडी ओतावी तसा. लांबून तज्ज्ञ आले, घाबरू नका म्हणून सांगून गेले. घाबरू नका हे सांगायला माणूस इतक्या लांबून आला म्हटल्यावर लोक जास्तच घाबरले. आपल्या वसतिगृहातल्या नऊ मुली पहिल्या आवाजाला अनवाणी अंगणात पळाल्या. त्यांना झोप लागेना. शेडमध्ये आम्ही उशाशी ताटलीत तीन पेले एकावर एक पालथे रचून झोपत असू. जमीन हलली की आधी पेले पडतात, माणूस उठतो. जागे राहायचे काम पेल्यांवर सोपवले की आपल्याला झोपता येते. ही युक्ती मी सगळ्या मुलींना शिकवली. आठ दिवसांनी आठ जणी विसरल्या. हनादी विसरली नाही. तेव्हा मला तिचे कौतुक वाटले होते.

४) सदर विद्यार्थिनीबद्दल कक्षाच्या फायलीत पासपोर्टाचा क्रमांक, व्हिसाची तारीख व रक्तगट एवढे आहे. बाकीचे मी सांगते. वय एकवीस. वडील लहानपणीच गेले. घरी आई आणि मोठा भाऊ. वर्गात इंग्रजी, घरी फोनवर अरबी आणि माझ्याशी मराठी. ती मराठी मेसमध्ये आणि धुण्याच्या दगडावर शिकली, त्यामुळे ती आपल्याकडची आहे. पहिल्या वर्षी एक प्राध्यापिका तिला म्हणाल्या, "तुला मराठी येते का?" तर ही म्हणाली, "हाव, लई येते." बाई दिवसभर हसत होत्या. भूकंपाचे मी समजावून सांगितले तेव्हा म्हणाली, "मावशी, आमच्याकडं जमीन हालत न्हाई. नदी हालते फक्त." दर शुक्रवारी दुपारी फाटकासमोरच्या बूथवर जाऊन आईला फोन करायची आणि आल्यावर आईने काय स्वयंपाक केला ते मला सांगायची. मी त्या बाईला पाहिलेले नाही. पण तिच्या भेंडीत ती वाळलेले मटण घालते एवढे मला माहीत आहे.

५) दि. १२ नोव्हेंबर, सोमवार रोजी हनादीच्या भावाचा कक्षात फोन आला की आई वारली. त्याच दिवसापासून परीक्षा होती. कक्षाचे मार्गदर्शक श्री. आदिनाथ सर सोमवारी लातूरहून येतात, ते हजर होते. ते तिकडच्या एका शिकवणी वर्गात शिकवतात आणि आपल्याकडे समुपदेशक म्हणून त्यांचे नाव पाटीवर आहे. मी चहा घेऊन गेले होते, म्हणून मी ऐकले. ते म्हणाले, "लातुरात आम्ही सरळ नियम ठेवलाय. लेकराच्या घरी काही बी होऊ द्या, शेवटचा पेपर झाल्याशिवाय सांगायचं न्हाई. बाप गेला तरी न्हाई. वर्ष वाया जातं हो. नंतर लेकरंच पाया पडतात." त्यांनी भावाला फोनवर इंग्रजीतून तेच पटवले. मग सगळ्यांना तोंडी आदेश झाला. फाटकावर, मेसला, मला. त्या खोलीत कोणी वाईट मनाचे नव्हते हे मी मुद्दाम नोंदवते. आदिनाथ सरांचे स्वतःचे डोळे ओले होते. आमच्याकडे मार्कांची अशी काळजी करतात, जशी दुसरीकडे जिवाची करत असतील.

६) त्यानंतर एकोणीस दिवस मी तिला वाढले. महोदय, हे वाक्य मी त्रुटीपत्राच्या उत्तराच्या कच्च्या कागदावर दोनदा लिहिले आणि दोनदा खोडले. मला माहीत होते. किशनरावांना माहीत होते. फाटकावरच्या माणसाला माहीत होते. ती पेपरला निघताना दही मागायची, मी दही द्यायचे आणि वर म्हणायचे, आईची आठवण काढून जा. तीन शुक्रवार ती बूथवर गेली. भाऊ तिला म्हणायचा, आई झोपली आहे. पहिल्या शुक्रवारी तिने मला सांगितले, "आई झोपली होती." दुसऱ्या शुक्रवारी सांगितले, "आज बी झोपली होती." तिसऱ्या शुक्रवारी काही सांगितले नाही. मीही विचारले नाही. मी त्या वेळी आठव्या खोलीतला बल्ब बदलायला निघून गेले, जो चांगला चालू होता.

७) दि. १ डिसेंबर, शनिवारी शेवटचा पेपर झाला. तिला कक्षात बोलावले. चहा आणि क्रीमची बिस्किटे ठेवली होती. आदिनाथ सर त्यासाठी मुद्दाम लातूरहून आले होते. त्यांनी आधी विचारले, पेपर कसा गेला. ती म्हणाली, चांगला. मग सांगितले. ती रडली नाही. तिने विचारले, किती तारखेला. तारीख ऐकल्यावर ती बोटांवर मोजत बसली. मग माझ्याकडे वळून पाहिले. त्या पाहण्याचे वर्णन करण्याचा रकाना कोणत्याच नमुन्यात नाही.

८) तेव्हापासून आज बेचाळीस दिवस झाले. ती वर्गात जाते, सही करते, परत येते. जेवण म्हणजे अर्धी पोळी. निकाल तीन आठवड्यांत लागला, हे विद्यापीठास भूषणावह आहे. तिला एकाहत्तर टक्के पडले. कागद तिने चौकोनी घडी घालून खिडकीच्या फटीत खुपसला, तिथून वारा येत होता म्हणून. खोलीत पेल्यांची उतरंड मात्र वाढत गेली. तिनाचे पाच, पाचाचे नऊ, आता चौदा. ती पलंगावर भिंतीला टेकून त्यांच्याकडे बघत बसते. झोपत नाही. रोज मला एकच विचारते, "मावशी, आज आवाज येईल का?" मी म्हणते, न्हाई गं बाई, न्हाई येणार. त्यावर ती मान हलवते. मी समजत होते की तिला धीर आला.

तिला काय झाले आहे याबद्दल वसतिगृहात मते आहेत. किशनरावांच्या मते आपले पाणी जड, ते तिला सोसले नाही. फाटकावरचा माणूस म्हणतो नजर. कक्षाचे लिपिक म्हणतात, "होमसिक हाय, दुसरं काय." बाकीच्या मुली म्हणतात, थकली आहे. मीही विचारणाऱ्याला तब्येत नरम आहे एवढेच सांगत आले. सगळे जण जिन्यातल्या सांडलेल्या पाण्यावरून जावे तसे त्या गोष्टीवरून पाय उचलून जात होते.

९) दि. १० डिसेंबर रोजी मी समुपदेशनासाठी अर्ज केला. मला छापील नमुना मिळाला. सदर नमुना लातूरच्या शिकवणी वर्गाचा असून वरचे नाव खोडून आपले शिक्क्याने टाकले आहे. त्यात रोजचे अभ्यासाचे तास, बारावीत अपेक्षित गुण, आणि "एकाग्रता भंगण्याचे कारण: मोबाइल / टीव्ही / मित्र / इतर" असे रकाने आहेत. मी इतरवर खूण केली. कंसात लिहायला जागा नव्हती.

दि. ४ जानेवारीच्या त्रुटीपत्रात तीन त्रुटी काढल्या आहेत, त्यांची पूर्तता अशी:

(अ) विद्यार्थिनीचे गुण चाळीस टक्क्यांच्या आत नसल्याने ती समुपदेशनास पात्र नाही. लिपिक साहेबांनी आपुलकीने सुचवले की पुढच्या सत्रात एखादा विषय राहू द्यावा, मग बसवता येईल. पुढचे सत्र मे महिन्यात संपते.

(ब) पालकाची समक्ष सही नाही. वडील मयत. आई मयत, आपल्याच कक्षाने तसे कळवले आहे, उशिरा का होईना. भाऊ खार्तूमला.

(क) तालुका व जिल्हा हे रकाने कोरे आहेत. तालुका खार्तूम, जिल्हा खार्तूम असे मी आता भरले आहे. चूक असल्यास सुदान सरकारने कळवावे.

१०) मधल्या काळात आम्ही आमच्या परीने इलाज केला, तोही सांगणे माझे कर्तव्य आहे. तिच्याशी तिच्या भाषेत कोणी बोलावे असे मला वाटले. आपल्या परीक्षा विभागाची रजिस्टरे बांधणारे गुलाम रसूल चाचा पन्नास वर्षे पोरांना कुराण शिकवतात. त्यांना अरबी येते हे अख्ख्या इतवारा भागाला ठाऊक आहे. मी त्यांना घेऊन आले. चाचा नवे जाकीट घालून, खजूर घेऊन आले. अंगणातल्या बाकड्यावर दोघे बसले. हनादी त्यांच्याशी बोलायला लागली. महोदय, ती बोलायला लागली! वीस दिवसांत पहिल्यांदा, भराभर, पाट फुटावा तशी. चाचा ऐकत होते, मान डोलवत होते, आणि त्यांचा चेहरा हळूहळू पडत गेला. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, मेरेकू पढना आता. बोलना नई आता. ये क्या बोल रई, एक लफ्ज समझ में नई आरा." आणि म्हातारा माणूस तिच्यासमोर रडला.

आमच्या कोणाच्या डोक्यात हे आलेच नव्हते. चाचांच्याही नाही. पन्नास वर्षे ते ज्या भाषेत देवाशी बोलतात, त्यात चहा हवा का हे विचारता येत नाही, हे त्यांनाही त्या दिवशीच कळले. मग त्यांनी जे येत होते ते म्हणून दाखवले. तिने एका ठिकाणी त्यांचा उच्चार दुरुस्त केला. त्यांनी कान धरून पुन्हा म्हटला. त्यानंतर चाचा रोज दुपारच्या नमाजानंतर येऊन त्या बाकड्यावर अर्धा तास बसतात. बोलत काही नाहीत. फाटकावर नोंद "काम: निरंक" अशी होते. आपल्या विद्यापीठात आजवर खरोखर समुपदेशन कोणी केले असेल तर ते याच नोंदीत आहे.

एकदा मी चाचांना म्हटले की मला त्या पोरीची दुसरीच भीती वाटते. त्यांनी हात वर केला. "नक्को बाई. वो बात मूं से नक्को निकालो." मलाही ते सोयीचेच होते.

११) आता मूळ मुद्दा. दि. ८ जानेवारी, मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास आवाज झाला. मोठा. खिडक्या वाजल्या. किशनराव हातात झारा घेऊन अंगणात, मुली अंगणात, आदल्या महिन्यात पाय मोडलेली मुलगी सुद्धा अंगणात. मी मोजल्या. आठ. मी वर पळाले. हनादीच्या खोलीचे दार सताड उघडे होते. पेले जमिनीवर गडगडत होते. ती पलंगावर मांडी घालून बसली होती, हात मांडीवर. तोंडावर भीतीचा लवलेश नव्हता. मी तिला हाताला धरून ओढले तेव्हा तिने डोळे उघडले, आजूबाजूला पाहिले, भिंती जागेवर आहेत हे पाहिले, आणि तिचा चेहरा उतरला. साहेब, त्र्याण्णव साली मी भिंत पडलेले चेहरे पुष्कळ पाहिले. भिंत पडली नाही म्हणून उतरलेला चेहरा मी पहिल्यांदा पाहिला.

खाली सगळे म्हणाले, घाबरून पाय गळाले असतील. मी हो म्हणाले. पण ती रोज मला आवाज येईल का हे का विचारत होती, आणि मी नाही म्हटल्यावर मान का हलवत होती, ते मला जिन्यातच कळले होते. तिला युक्ती मी शिकवली. ती तिने कशासाठी वापरली ते मला कळायला इतके दिवस लागले.

१२) यापुढचा परिच्छेद आपल्या कार्यालयाच्या कामाचा नाही. तरीही वाचावा. माझी थोरली जाऊ कोंडाबाई. भूकंपात तिच्या घरचे सगळे वाचले. नवरा, तिन्ही लेकरे. शेडमध्ये बाहेरून डॉक्टर यायचे, माणसांशी बोलायचे, पण ज्यांच्या घरी माणूस गेले त्यांच्याशी. यादी तशी होती. कोंडाबाईच्या नावापुढे जीवितहानी निरंक. ती दुसऱ्यांच्या लेकरांना न्हाऊ घालायची, हसायची, भाकऱ्या थापायची. फक्त झोपायची नाही. वर्षभराने ती विहिरीवर गेली आणि आली नाही. गाव म्हणाले, पाय घसरला. तो अर्जही मीच लिहिला. "पाण्यास गेली असता पाय घसरून" हे शब्द माझ्या हातचे आहेत, माझ्या अक्षरात तहसीलच्या फायलीत असतील. पाय घसरला नव्हता. ती आदल्या दिवशी माझ्याजवळ आली होती, थोडा वेळ बसली, काही बोलली नाही, गेली. मला अर्ज पुरा करायचा होता. आज तेरा वर्षे मी कोणाला हे सांगितले नाही. आपण माझे वरिष्ठ आहात, ओळखीचे नाही, म्हणून आपल्याला सांगणे जमले.

१३) सबब विनंती की:

हनादीला आज शहरातल्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे नेऊ द्यावे. विदेशी विद्यार्थिनीला फाटकासमोरच्या बूथपलीकडे न्यायला कक्षाचे शिक्क्याचे पत्र व पालकाचा फॅक्स लागतो. शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली लिपिक साहेबांबरोबर गावी गेली आहे, ती सोमवारी येईल. सोमवारपर्यंत मी तिच्यावरून नजर काढू शकत नाही आणि माझेही डोळे मिटायला लागले आहेत. मंगळवारपासून मी तिच्या दाराबाहेर सतरंजी टाकते. गच्चीची किल्ली माझ्या कमरेला आहे.

तिच्या भावाला आज विद्यापीठाच्या फोनवरून तिच्याबद्दल खरे ते सांगावे. त्याच्याशी तिला बोलू द्यावे, कोणी शेजारी न बसता.

अरबी बोलणारा, म्हणजे रोजच्या बोलण्यातली बोलणारा, कोणी डॉक्टर किंवा समुपदेशक हैदराबादहून मिळत असेल तर बोलवावा. त्याने तिचे गुण विचारू नयेत.

आणि संदर्भ क्र. ४ चा तोंडी आदेश लेखी रद्द करावा. पुन्हा कोणाच्या घरचे माणूस गेले तर त्या लेकराला त्याच दिवशी सांगावे. पेपर बुडाला तर बुडू द्यावा. त्याच्यासाठी पुरवणी परीक्षा असते.

१४) हा अर्ज मी वसतिगृहाच्या व्हरांड्यात बसून लिहीत आहे. हनादी माझ्यासमोर आहे. मी तिला मेथी निवडायला दिली आहे, हात गुंतलेले राहावेत म्हणून. आत्ता पाहिले तर ती पाने खाली टाकते आहे आणि काड्या ताटात ठेवते आहे. बराच वेळ झाला असावा, काड्यांचा ढीग मोठा आहे.

आणखी एक लिहायचे राहिले. बेचाळीस दिवसांत आम्ही तिला जेवलीस का विचारले, ताप आहे का विचारले, देवाला हात जोडलेस का विचारले. जे विचारायचे ते कोणी विचारले नाही. मी न विचारण्याचे कारण असे की विचारले तर तिला सुचेल. शब्द बाहेर काढला की तो खरा होतो, असे आमच्याकडे मानतात. चाचांकडेही तसेच मानतात असे दिसते. पण कोंडाबाईला कोणी विचारले नव्हते, आणि तिला सुचलेच.

म्हणून मी आत्ता पेन खाली ठेवून विचारून घेतले. तिच्याच मराठीत, म्हणजे माझ्या. जसे झाले तसे उतरवते. मी तिच्या हातातली जुडी काढून घेतली आणि म्हणाले, "हनादी, माझ्याकडं बघ. तुला मरावंसं वाटायलंय का?"

तिने माझ्याकडे पाहिले. एक डिसेंबरनंतर पहिल्यांदा नीट पाहिले.

"हाव, मावशी," ती म्हणाली. "रोज वाटायलंय. अन् लई भ्या वाटायलंय. मला एकटीला ठिवू नका."

सही आपण मागाहून केली तरी चालेल. रिक्षा फाटकाशी उभी आहे, दवाखान्याच्या वाटेवर आपले घर लागते.

आपली आज्ञाधारक, एवढी एक वेळ सोडून,

शिवकांता मलप्पा कोरे

नांदेड, दि. १२ जानेवारी २००८, दुपारी सव्वाबारा.